कडीला टांगलेला वारा

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ब्राँझची एक मूर्ती आहे, जेमतेम 15 सेंटीमीटर उंचीची. वटारलेले डोळे, विचकलेले दात, पाठीवर पंखांच्या दोन जोड्या, पाय शिकारी पक्ष्याचे, शेपटी विंचवाची. उजवा हात उगारलेला. पंखांच्या मागे कीलाक्षरांत ओळख कोरली आहे: हानपाचा मुलगा पाझुझू, दुष्ट वाऱ्यांचा राजा. मेसोपोटेमियातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही वस्तू. तिची छायाचित्रं पाहताना मी दरवेळी डोक्यावरच्या कडीपाशी थांबते. कडी आहे म्हणजे मूर्ती टांगायची होती. असला अक्राळविक्राळ वारा माणसं मुद्दाम घरात आणत होती, आणि तोही बाळंतिणीसाठी.

कारण लामाश्तू. आकाशदेव अनूची ही मुलगी गरोदर बायकांवर, तान्ह्या बाळांवर टपलेली. तिला पिटाळायला सौम्य देव पुरा पडत नसावा. पाझुझूनं डोंगर चढून इतर वाऱ्यांचे पंख मोडल्याचं मंत्रांत येतं. असाच राखणदार हवा होता. बायका त्याचं नुसतं मुंडकं गळ्यात घालत. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजताना घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर धाक आणि विश्वास एकाच वेळी दिसतात, तसंच तिथेही असेल असं मला वाटतं.

1973च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटानं याच पाझुझूला एका मुलीच्या अंगात घुसवलं. लेकरांच्या उशाशी पहारा देणाऱ्यावर हा आळ! मला याचं खरंच वाईट वाटतं. आणि वाऱ्याला केवळ शांत श्वास, प्राण, मोकळेपणा म्हणणारी आजची अध्यात्माची भाषाही मला अपुरी वाटते. मेसोपोटेमियातला वारा शहरं पाडतो. इसवी सनापूर्वी 2000च्या सुमारास एलामच्या फौजांनी तिथलं ऊर शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा शोककाव्यानं त्या संहाराला वादळ म्हटलं. ते बोलावलं होतं एन्लिलनं, निप्पूरच्या वायुदेवानं, देवांच्या प्रमुखानं. ऊरची देवी निंगल रडली, विनवत राहिली. निर्णय फिरला नाही.

हे ठाऊक असलेल्या माणसांनीच पाझुझू घडवला. त्यांनी भीती नाकारली नाही, तिचं तोंड दाराकडे वळवलं. लेकरू तापानं फणफणलेलं असताना रात्र जागवणाऱ्या आईला मनःशांतीचा उपदेश काय कामाचा? तिला तिच्याच धास्तीतून पहाऱ्याचं बळ मिळायला हवं. माझी प्रार्थना आता बहुधा हीच असते.

लामाश्तूच्या ताईत-फलकांवर वरच्या कडेवरून पाझुझू डोकावतो, आणि खाली ती नावेतून पाताळाकडे निघालेली असते. सोबत कंगवा असतो, चाती असते. एवढ्या वैरिणीलाही त्यांनी वाटेचं सामान बांधून दिलं, तिनं माघारी फिरू नये म्हणून.