गोडंबी

आमचं माहेर वऱ्हाडातलं. थंडीत डिंकाच्या लाडवांत गोडंबी हवीच. ती बिब्ब्याच्या आतली बी, हे लहानपणापासून ठाऊक. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवलेला काळा बिब्बाही रोजचाच. म्हणून इथे भिलाईत रानात हिंडायला निघालेल्या पोरांना मी ठामपणे सांगायचे, कण्हेर, धोतरा, गुंज यांपासून लांब राहा. जे आपल्या स्वयंपाकघरात येतं त्याला भिऊ नका.

हे मी आता कुणालाही सांगत नाही.

माघात दल्ली राजहराकडच्या डोंगरात गेलो होतो. एका झाडाखाली नारिंगी बोंडं पडलेली, प्रत्येकाच्या टोकाला काळं फळ. अगदी काजूसारखं, दोन्ही एकाच कुळातली. मी भाचीला म्हणाले, "फोड, आत गोडंबी असते." तिनं दगडानं ठेचलं. बोटांना काळसर तेल लागलं आणि त्याच हातानं तिनं कपाळावरचा घाम पुसला. लाकडं वेचणारी एक बाई धावत आली, "झन छुबे, भेलवा आय!" शिवू नको, बिब्बा आहे. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. मी निर्धास्त राहिले, साबणानं हात धुवायलाही लावले नाहीत. दुसऱ्या रात्री कपाळावर फोड उठले, सकाळी डोळे सुजून मिटलेले. बिब्ब्याचं तेल असंच उशिरा अंगावर उठतं, हे मला तेव्हा कळलं. ते तेल सालीत असतं. गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात त्यानंच भाजतात. इतकी वर्षं लाडू खाल्ले, ते हात मनात कधी आले नाहीत.

हरेलीच्या सणाला इथले शेतकरी शेतात भेलव्याची फांदी रोवतात. ती मी दर श्रावणात बघत होते. कुठलं झाड, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

कडू ते विषारी, हाही माझा समज गेला. २००५च्या सुमारास बायोडिझेलसाठी छत्तीसगडभर रतनजोत लावली गेली. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी आडवी होतात. कुठल्या दूरच्या रानात कशाला, कुंपणालाच असते ती.

आता रानात जाताना गावातलं कुणीतरी सोबत घेते. झाडाला हात न लावता आधी त्याचं नाव विचारते. भाची पुन्हा आली होती. कपाळावरचा डाग अजून गेलेला नाही. तिनं मला दोष दिला नाही. लाडू मात्र तिनं बिनगोडंबीचे मागितले, आणि मी तसेच केले.