यंदा कानात राहिलेली लांबलचक गाणी

"तू नेमकं ऐकतेस तरी काय?" हा प्रश्न मला घरात आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असं उत्तर दिलं की आईचा पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे ते ओरडणं का?" काही अंशी, हो. पण ओरडण्यापर्यंत आपण नंतर येऊ.

साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही रॉक बँड्सना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. त्यांनी गाणी लांबवली, एकाच गाण्यात चार-पाच चाली घातल्या, ताल मोडूनतोडून पाहिले, कधी अख्ख्या अल्बममध्ये एकच गोष्ट सांगितली. आर्ट रॉक हा त्याचा चुलत भाऊ. तिथे वाजवण्याची करामत कमी आणि वातावरण जास्त. खरं तर आपल्या कानांना हे अवघड जायला नको. सात मात्रांचा रूपक आपण ऐकत आलोय, आणि पिंक फ्लॉइडचं 'मनी'सुद्धा बरंचसं सात मात्रांतच चालतं. पाऊण तास एकच राग ऐकणाऱ्या घरांत आठ मिनिटांचं गाणं 'लांब' का वाटतं, हे मला कोडंच आहे.

२०२४ मधली माझी आवडती गाणी सांगायची तर आधी एक गोष्ट सांगायला हवी. फेब्रुवारीत आजोबा गेले. बडोद्यातलं आमचं घर त्यांच्या नावावर होतं. त्यामुळे यंदाची गाणी मी ज्या घरात ऐकली, त्या घराचं काय करायचं, हीच चर्चा वर्षभर शेजारच्या खोलीत चालू होती.

वर्षाची सुरुवात मात्र छान झाली. जानेवारीत 'द स्माइल' या बँडचा 'वॉल ऑफ आइज' आला. रेडिओहेडचे थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड, सोबत ड्रमर टॉम स्किनर. त्यातलं 'बेंडिंग हेक्टिक' हे गाणं आधीच्या वर्षीच ऐकायला मिळालं होतं, पण मला ते सापडलं अल्बममध्ये. इटलीतला डोंगराळ रस्ता, वळणावर गाडी, आणि चालवणाऱ्याच्या मनात स्टिअरिंग सोडून द्यायचा विचार. पाच-सहा मिनिटं गिटारच्या तारा नुसत्या ओढून ओढून बेसूर होण्याच्या काठावर ठेवल्या आहेत. मग व्हायोलिनं खालून वर चढत जातात आणि सगळं कोसळतं. सापुताऱ्याच्या घाटात गाडी चालवताना हे गाणं लावू नका, एवढीच विनंती. हाच जॉनी ग्रीनवुड जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर बसून 'जुनून' नावाचा अल्बम करून गेलाय, २०१५ मध्ये. तो आईलाही आवडतो. पण तो कोणी केलाय, हे मी तिला मुद्दाम सांगितलेलं नाही.

मे महिन्यात बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन' आला. पोर्टिसहेड या बँडची ही गायिका. या अल्बमवर तिने सुमारे दहा वर्षं काम केलं. त्या काळात जवळची माणसं गेली, शरीर बदललं, आणि ते सगळं गाण्यांत उतरलं. नेहमीच्या ड्रम किटचा आवाज नको म्हणून पडदे भरलेलं खोकं आणि चामड्याची पाण्याची बाटली अशा वस्तू वाजवल्या आहेत. 'फ्लोटिंग ऑन अ मोमेंट' हे त्यातलं माझं गाणं. मरणाबद्दलच आहे, पण मध्येच लहान मुलांचा कोरस येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो खटकला. अशा जागी मुलं कशाला? मग आठवलं, आजोबांच्या तेराव्याला माझी दोन चुलत भावंडं अंगणात पकडापकडी खेळत होती आणि कोणीच त्यांना रागावलं नव्हतं.

ऑक्टोबरमधल्या जॉर्डी ग्रीपच्या 'द न्यू साउंड'वर मी फार लिहीत नाही. साओ पाउलोच्या वादकांसोबत केलेली काही गाणी यात आहेत, ब्राझिलियन ताल भन्नाट आहेत. पण शब्द असे की घरात स्पीकरवर लावायची सोय नाही. इअरफोन वापरा.

आता डेव्हिड गिलमोर. पिंक फ्लॉइडचा हा गिटारवादक २०२४ मध्ये ७८ वर्षांचा होता, आणि सप्टेंबरमध्ये त्याचा 'लक अँड स्ट्रेंज' आला. हा अल्बम म्हणजे घरचंच कार्य वाटतं. बरेचसे शब्द बायकोचे, पॉली सॅमसनचे. 'बिट्वीन टू पॉइंट्स' मुलगी रोमनी गाते आणि हार्पही तीच वाजवते. हे मूळ दुसऱ्याच एका बँडचं, १९९९ मधलं गाणं. बाप मागे थांबतो, मुलीला गाऊ देतो आणि अगदी शेवटी गिटार घेऊन पुढे येतो. गिटार ऐकून अंगावर काटा येतो वगैरे लोक म्हणतात. मला त्याचं आधीचं थांबणं जास्त आवडलं.

पण ज्या गाण्याने मला खरंच धरून ठेवलं ते म्हणजे 'लक अँड स्ट्रेंज' हेच शीर्षकगीत. त्यात कीबोर्डवर रिचर्ड राइट आहेत, पिंक फ्लॉइडचेच. ते २००८ मध्ये वारले. २००७ मध्ये गिलमोरच्या कोठारात काही जण नुसतेच वाजवत बसले होते, त्याचं रेकॉर्डिंग सांभाळून ठेवलेलं होतं. त्यावर सतरा वर्षांनी हे गाणं उभं केलं. अल्बमच्या शेवटी ती मूळ बैठकही दिली आहे, सुमारे चौदा मिनिटांची. आपण पुढे कोणत्या गाण्यात असणार आहोत, हे त्यातल्या कीबोर्डवाल्या माणसाला माहीतच नाही. तो निवांत वाजवतोय.

हे मी बाबांना ऐकवलं. ते जुनी नाट्यगीतं ऐकणारे, रॉकच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पेटी कोण वाजवतंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "परत लाव." आजोबांचे शेवटचे सहा-सात व्हॉइस मेसेज बाबांच्या फोनमध्ये आहेत, बहुतेक दूध आणि औषधांबद्दलचे. त्यांनी ते अजून उघडलेले नाहीत. पुसलेलेही नाहीत.

आणि आता ते ओरडणं. स्वीडनचा ओपेथ हा बँड पूर्वी गुरगुरत्या, राक्षसी आवाजात गायचा. २००८ नंतरच्या अल्बममध्ये त्यांनी तो आवाज सोडून दिला होता. नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये तो परत आला, सोळा वर्षांनी. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली. श्रीमंत म्हातारा मेलाय, मुलं जमली आहेत, मृत्युपत्र वाचलं जातंय. आठपैकी सात गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे क्रमांक आहेत. जेथ्रो टलचे इअन अँडरसन यात बासरी वाजवतात आणि निवेदनही करतात. तो गुरगुरता आवाज म्हणजे मेलेल्या बापाचा हुकूम. गाताना मायकेल ओकरफेल्ट मध्येच मऊ सुरात येतो आणि पुढच्याच ओळीला गुरगुरतो. मृत्युपत्राची भाषाही अशीच असते. 'माझी प्रिय कन्या' आणि लगेच 'हिला काहीही मिळणार नाही'.

आमच्याकडे इतकं नाट्य नाही. आजोबांनी मृत्युपत्रच केलं नव्हतं. म्हणून तर प्रश्न. काकांना घर विकायचंय, बाबांना नाही, आणि आत्या म्हणते की मला कोणी विचारलंच नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हेच वाईट आहे. नोव्हेंबरात एका रात्री बैठकीत आवाज चढले तेव्हा मी माझ्या खोलीत हा अल्बम लावला. चौथ्या क्रमांकाच्या गाण्यात सगळा गोंगाट एकदम थांबतो आणि हार्प व बासरी उरते. बाहेरही नेमके सगळे गप्प झाले होते. चहा ठेवला असावा.

या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याला मात्र नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. त्यात गुरगुर नाही, भांडण नाही, फक्त एक उशिरा आलेलं पत्र आणि शेवटी लांब गिटार. पत्रात काय आहे ते सांगत नाही, पण त्यानंतर पहिल्या गाण्यापासून पुन्हा ऐकावं लागतं.

तुम्ही कधीच हे संगीत ऐकलं नसेल तर 'बिट्वीन टू पॉइंट्स'पासून सुरुवात करा. ओपेथ सगळ्यात शेवटी. आत्या जानेवारीत चार दिवस राहायला येतेय. तिला मी बेथ गिबन्स ऐकवणार आहे, आणि बाबांनी सांगितलंय की त्या आधी घराचा विषय कोणी काढायचा नाही.