बोअरचे पाणी आणि यंत्राचा सातबारा

शाळेच्या जडणघडणीवर लिहावे, असा संपादक मंडळाचा आम्हांस आग्रह होता. ते काम या स्मरणिकेत आमच्याहून जाणत्यांनी केले आहे. आम्ही लिहितो आहोत ते गेल्या मे महिन्यातील सहा दिवसांविषयी. त्या दिवसांत वसतिगृह रिकामे होते आणि इतिहासाचा हा शिक्षक एका हिरव्या पाटीसमोर विद्यार्थी होऊन बसला होता.

जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुडा आहे, दक्षिणेस पूर्णेचे खोरे. त्या खोऱ्याचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने घरचे माणूस गेले, अशी घरे आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या संग्रामपुरात पालकांच्या ओळखीची आहेत. त्याचे नेमके कारण सांगणे वैद्यकाचे काम. परंतु नळाचे पाणी अपुरे पडते, तेव्हा जूनपासून मुलांना बोअरचे पाणी प्यायला द्यावे काय, हा प्रश्न आमच्यासमोर होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. बोअर मात्र ऋतूप्रमाणे बदलते. एकदा बाटली भरून तपासणीस पाठवली की वर्षाची चिंता मिटते, असे नाही.

पुण्यात नोकरीस असलेला आमचा एक माजी विद्यार्थी सुटीत यासाठीच स्वतः आखलेला बोर्ड घेऊन आला. त्यावर एक लहान प्रोसेसर, पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या कांडीचा संकेत आकड्यांत बदलणारी एक चिप, आणि सर्वांवर देखरेख करणारी लिनक्स प्रणाली. येथे एक कबुली द्यावयास हवी. दहावीनंतर याच्या आईस आम्हीच सांगितले होते की अभियांत्रिकीचा खर्च झेपणार नाही, आयटीआयला घाला. माउलीने आमचे ऐकले नाही.

पहिल्या दिवशी बोर्ड बोलेचना. त्यास पडदा नव्हता. तीन तारा लॅपटॉपला जोडून तो काय म्हणतो ते वाचावयाचे होते, पण पडद्यावर नुसता अक्षरांचा गोंधळ. सेकंदाला 115200 हा वेग दोन्ही बाजूंस सारखा ठेवताच गोंधळाची वाक्ये झाली. मग संपूर्ण प्रणाली नव्याने बांधण्यास, म्हणजे ज्यास ही मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात त्यास, दीड दिवस गेला. त्यातला निम्मा वीज जाण्यात. प्रणाली सुरू झाली, पण लॉगमध्ये एक ओळ हटकून येई : चिपचा ड्रायव्हर अयशस्वी, उणे 6. अर्थ विचारला तर म्हणाला, “सर, ह्या पत्त्यावर कोणी राहातच नाई, असं म्हनते ते.”

चिप तर डोळ्यांसमोर होती! डाग दिलेली, वीज पोचलेली. मग त्याने समजावले. घरच्या संगणकास आपण पेनड्राइव्ह लावतो, तेव्हा तो आपली ओळख आपण देतो. अशा बोर्डावरील चिप मात्र विचारल्याखेरीज बोलत नाही, आणि कोठे काय बसवले आहे हे लिनक्सच्या गाभ्यास, कर्नलला, दिसत नाही. त्यास एक लेखी फाइल द्यावी लागते : कोणत्या तारेवर, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नावाची चिप. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या मजकुरातच विखुरलेली असे. 2011 साली खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर संताप व्यक्त केला आणि एआरएम प्रोसेसरांसाठी ही पद्धत रुळली. आम्हांस तो चटकन सातबारा वाटला. जमीन कसणारा कोणी का असेना, कचेरी नोंद पाहते. नोंदीत नाव नसलेल्या माणसांचा इतिहास शिकविण्यात आमची हयात गेली आहे, म्हणून ती ओळ जरा अधिकच लागली.

त्याने तारेवरील एकेक पत्ता हाकारून पाहिला. चिप 49 वर ओ देत होती आणि फाइलमध्ये 48 लिहिलेले होते. बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत पत्ता ठरवणारी पिन जमिनीच्या तारेऐवजी विजेच्या तारेस जोडली गेली होती. आखणी बदलली, नोंद जुनीच राहिली. फाइल दुरुस्त झाली, प्रणाली पुन्हा बांधली.

पुन्हा उणे 6.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. ड्रायव्हरवर संशय, डागावर संशय, वीजपुरवठ्यावर संशय. पोराने जेवण सोडले. आम्हांस त्यातले काही कळत नव्हते. वर्गात कोणतेही साधन हाती घेताना आम्ही विचारतो, तेवढेच विचारले : हे वाचणारा कोणती प्रत वाचतो आहे? तो थबकला. चालू बोर्डाच्या आत शिरून त्याने कर्नलने प्रत्यक्ष वाचलेला वृक्ष उघडला. तेथे अजूनही 48! नवी फाइल एका कप्प्यात जात होती आणि सुरू होताना बोर्ड दुसऱ्या कप्प्यातील जुनी प्रत उचलत होता. फेरफार मंजूर झाला, पण तलाठ्याच्या दप्तरात जुनाच उतारा, तशातली गत. प्रत बदलली आणि उणे 6 नाहीसा झाला.

महाडचे 1927 आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. पण 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी पाणी व वीज यांसाठी तांत्रिक यंत्रणा उभी करण्याचे काम केले, 1945 सालचा केंद्रीय जलमार्ग आयोग त्यातलाच, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या रात्री गच्चीवर आम्ही त्यास हेच सांगत बसलो. तो ऐकता ऐकता झोपला.

आकडा आला म्हणजे तो खरा, असेही नव्हते. 1413 मायक्रोसीमेन्सचे प्रमाणित द्रावण घेऊन कांडी जुळवावी लागली. पाणी एका अंशाने तापले की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, आणि आपल्याकडचा मे! तापमानाचा हिशेब घालूनही बोअरचा आकडा मर्यादेच्या बराच वर निघाला. ती तोटी आता धुण्याभांड्यांपुरती आहे आणि तीवर तशी पाटी आहे.

जाताना त्याने त्या तीन तारा शाळेस ठेवल्या, सोबत एक वही : कोणी, कोणत्या तारखेस, कोणती फाइल बदलली आणि ती कोठे ठेवली. जुलैत नववीच्या एका मुलीने तारा जोडल्या. पडद्यावर अक्षरांचा गोंधळ उमटला. आम्ही घाबरून प्लग काढू लागलो, तशी ती म्हणाली, “राहू द्या सर, वेग चुकला असंन.”