राक्षसाचा जीव

राक्षसाचा जीव कुठे असतो हे माझ्या आजीला पक्के ठाऊक होते. सात समुद्रांपलीकडे एक बेट, बेटावर एक झाड, झाडाला टांगलेला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि त्या पोपटात राक्षसाचा जीव. राजपुत्राने पोपटाचा पाय मोडला की इकडे राक्षस लंगडायचा. पंख उपटला की त्याचा हात गळून पडायचा. पण हा जीव 'किती' असतो, असा प्रश्न आम्हा पोरांपैकी एकाच्याही मनात कधी आला नाही. जीव तो जीव. तो काय शेर-मापट्याने मोजायचा असतो? मोजणारे लोक पुढे अमेरिकेत निघाले, आणि त्यांच्या मोजदादीशी माझी गाठ पडली ती नांदेडात, माझ्याच घरच्या सतरंजीवर.

माझा भाचा गेली तीन वर्षे लातूरला असतो. लातूरला असतो, एवढे म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. पण हा अंक पुण्या-मुंबईच्या घरांतही जातो, म्हणून सांगतो. तो डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. परीक्षा 720 गुणांची. पहिल्या खेपेला जे गुण पडले त्यांत सरकारी कॉलेज बसत नव्हते, म्हणून त्याने आणखी एक वर्ष धरले. अशा मुलाला तिकडे 'रिपीटर' म्हणतात. खोलीच्या मालकापासून खानावळीच्या मावशींपर्यंत सगळे हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारतात, की ते मुलाचे आडनावच वाटावे.

महिन्या-दोन महिन्यांनी तो नांदेडला येतो. आला की त्याचे जुने शाळासोबती जमतात, तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि माझ्या घरी बैठक बसते. त्याच्या स्वतःच्या घरी ती बसत नाही, कारण माझ्या बहिणीला हा प्रकार पाहवत नाही. एकदा ती मला म्हणाली, "दादा, तू मास्तर आहेस, कादंबऱ्या लिहितोस. हे काय खूळ आहे ते नीट बघ आणि मला सांग. वहीच्या वही आकड्यांनी भरायलाय, पण त्यातला एक आकडा फिजिक्सचा नाही."

तेव्हा मी बघायला बसलो.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर सोंगट्या नसल्या तरी चालणारा हा सारीपाट आहे, आणि रंगमंच नसलेले नाटक. एकजण सूत्रधार. बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात. सूत्रधार सांगतो, "पुढे गुहा आहे, आत काहीतरी हलतंय." वीर सांगतात, आम्ही काय करतो. ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. फासे मात्र शकुनीलाही अनोळखी वाटावेत असे: 4 बाजूंचे, 6 बाजूंचे, 8, 10, 12 आणि थेट 20 बाजूंचे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून वीस त्रिकोण जोडून पुठ्ठ्याचा एक फासा मी मुलांना करून दिला. दिसायला देखणा झाला होता, पण पंख्याच्या वाऱ्याने तो कूस बदलायचा. मुलांनी शेवटी प्लॅस्टिकचे मागवले. प्रत्यक्ष अमेरिकेतही 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला होता आणि खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून द्याव्या लागल्या होत्या, हे पुढे वाचले तेव्हा बरे वाटले.

या खेळात प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे एक आकडा असतो, त्याला 'हिट पॉइंट' म्हणतात. मुले नुसते 'एचपी' म्हणतात. आमच्या घरी एचपी म्हणजे गॅसचे सिलिंडर आणि गावाकडे एचपी म्हणजे विहिरीवरची मोटार, तेव्हा "राक्षस किती एचपीचा?" हे प्रथम ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे विहिरीवर बसवलेला, पाणी उपसणारा राक्षस उभा राहिला. अर्थ इतकाच, की घाव बसला की तेवढे गुण वजा करायचे. शून्य झाले की प्राणी पडला.

2014 च्या आवृत्तीत या आकड्यांची मोठी बहार आहे. मांजर 2. सामान्य गावकरी 4. वाघ 37, हत्ती 76. मांजराच्या एका बोचकाऱ्याने एक गुण जातो, म्हणजे हिशेबाने चार बोचकाऱ्यांत गावकरी आडवा! जुनाट तांबडा ड्रॅगन 546, आणि 'टॅरास्क' नावाचे एक महाभूत आहे त्याचे 676. हा आकडा वाचला तेव्हा एकजण म्हणाला, "720 पैकी एवढे पडले तर लै झालं बघा. कोणतंबी कॉलेज मिळंल." सगळे हसले. भाचाही हसला, पण सर्वांत शेवटी.

आता खुद्द राक्षस. आपलाच शब्द, 'राक्षस' या नावानेच त्या पुस्तकात आहे. वाघाचे डोके आणि हाताचे तळवे उलटे. आपल्या पुराणांत असे ध्यान मला कुठे भेटलेले नाही. तिकडच्या दूरदर्शनवर 1974 साली 'कोलचॅक' नावाच्या मालिकेत एक राक्षस आला होता, तो मंतरलेल्या बाणाने मेला. 1977 च्या पहिल्या राक्षसकोशात याच मृत्यूची सोय केलेली आहे. असो. 2014 च्या पुस्तकात त्याचा आकडा 110, आणि पुढे कंसात त्याची फोड: आठ बाजूंचे 13 फासे, अधिक 52.

ही फोड मला फार आवडली. माझे गणित मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, पण हिला तेवढे पुरते. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार. 13 फाशांची साडेअठ्ठावन्न. अंगच्या काटकपणाचे दर फाशामागे 4, म्हणून 52. बेरीज साडेएकशेदहा, अर्धा सोडून द्यायचा. फासा कोणता, हे अंगलटीवर: मांजराला चार बाजूंचा, माणसाच्या मापाच्या देहाला आठ, वाघाला दहा, हत्तीला बारा. म्हणजे 110 हा राक्षसाचा आकडा नव्हे, राक्षसांच्या सरासरीचा आहे. सूत्रधाराला वाटल्यास त्याने फासे टाकावेत. एखादा राक्षस 65 चा निघेल, एखादा 156 चा. आमच्या शाळेतही 'सरासरी विद्यार्थी' नावाचा मुलगा अहवालात नेहमी भेटतो. हजेरीला उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही.

हा आकडा आला कुठून, याची हकीकत आकड्याहून रंजक आहे. 1971 च्या आसपास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण सोबत्यांना घेऊन असले खेळ मांडीत असे. आधीच्या नियमांत एकाच फाशात माणूस जगायचा किंवा मरायचा. लोक आपापल्या वीराला नाव देत, त्याच्यावर जीव लावीत, आणि तो पहिल्याच घावात जाई. ते कोणाला रुचेना. आर्नेसनजवळ अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लोखंडी बोटींच्या खेळाचे नियम होते. बोट किती तडाखे खाऊन बुडते, याचा त्यात हिशेब होता. तोच त्याने माणसांना आणि राक्षसांना लावला. पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 साली खेळ छापून निघाला, आणि बोटीचा हिशेब जगभर जिवाचा हिशेब झाला.

पण माणूस म्हणजे बोट नव्हे. 1978 च्या पुस्तकात गायगॅक्सने याची फोड केली आहे. मुरलेल्या योद्ध्याचे गुण चार धिप्पाड लढाऊ घोड्यांइतके होतात. एवढा मार हाडामांसाचा देह सोसतो, हे मानणे हास्यास्पद आहे, असे तो म्हणतो. मग हे गुण कशाचे? थोडे शरीराचे, बाकीचे कसबाचे, नशिबाचे, देवाच्या कृपेचे. घाव चुकवता चुकवता माणसाची ही पुंजी संपत जाते. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ गच्चीवर जाऊन आलो.

आजीचा पोपट मात्र या हिशेबातूनही पुरता उडालेला नाही. 'ट्रोल' नावाचा प्राणी घ्या. एचपी 84. पण त्याची पाळी आली की दर खेपेला 10 गुण भरून येतात. विस्तव किंवा तेजाब लावल्याशिवाय तो मरतच नाही. आपल्या रक्तबीजाचा हा धाकटा भाऊ. रक्तबीजाचे एचपी किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही, हे कळणे हीच लढाई होती. जरासंधाचेही तेच. भीमाने त्याचे दोन तुकडे केले तरी ते जुळत. कृष्णाने काडी चिरून दोन बाजूंना उलटीपालटी फेकून दाखवली, तेव्हा कुठे भागले. आणि या वाघतोंड्या राक्षसाला साध्या तलवारीचा कितीही मोठा घाव बसो, वजाबाकी शून्य. उलट सज्जनाच्या हातातले मंतरलेले टोकदार शस्त्र लागले, तर नुकसान दुप्पट. म्हणजे ज्याला ठाऊक नाही त्याला 110 काय आणि 11,000 काय. ज्याला ठाऊक आहे त्याला ते 55 च.

त्या रविवारी याच राक्षसाशी गाठ होती. भाचा सूत्रधार, पुढे कॅलेंडरचा जाड पुठ्ठा आडवा लावून बसलेला. मी त्याच्या बाजूला बसलो होतो, म्हणून पुठ्ठ्यामागची वही मला दिसत होती. वीरांना आकडा दिसत नसतो. त्यांना ऐकू येते ते फक्त वर्णन. एकाने जोरात तलवार मारली. वहीत 110 चे 110 च राहिले. भाचा म्हणाला, "पातं अंगातून पाण्यातून गेल्यासारखं गेलं. तो हसायलाय." दुसऱ्याचीही तीच गत. शेवटी त्या मुलीने कुठल्याशा देवळात मिळालेला खंजीर काढला. "पहिल्यांदाच तो मागे सरकला," भाचा म्हणाला, आणि वहीत 92 लिहिले. मुलीने एवढेच ऐकले, पण तिचे डोळे चमकले. कादंबरीत हे साधायला मला तीन पाने लागतात.

दीड तासाने वहीत 1 उरला. खेळातले मिनिटही झाले नव्हते. तिथली एक फेरी सहा सेकंदांची असते. मी हळूच विचारले, "आता तरी तो थकला असेल ना?"

"नाही मामा. नियमात तसं नाही. 110 असताना जेवढ्या जोरानं मारतो तेवढ्याच जोरानं 1 असतानाही मारतो. शून्य झाल्यावरच फरक."

आणि त्या एका गुणावर राक्षस दुसऱ्या लोकात निसटून गेला. ती विद्या त्याला दिवसातून एकदा येते. वीर मात्र नखांनी ओरबाडले गेले होते. मुले चहा प्यायला उठली तेव्हा मी भाच्याला विचारले, की एवढ्या जाडजूड पुस्तकातून त्याने हाच प्राणी का उचलला? 'राक्षस' हा आपला शब्द म्हणून?

त्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले. वीराचे कितीही गुण गेले, तरी आठ तासांची झोप मिळाली की ते सगळे भरून येतात, असा या खेळाचा नियम आहे. पण ज्याला या राक्षसाचे नख लागते त्याला शाप लागतो. तो झोपला तरी भयंकर चित्रे दिसतात, स्वप्ने पडतात, आणि विश्रांतीचा काडीइतकाही लाभ होत नाही. शाप कोणी उतरवीपर्यंत हे चालूच.

"पहिला निकाल लागला ना मामा," तो पुस्तकाकडे बघतच म्हणाला, "तेव्हा चार महिने माझं असंच होतं. झोपायचो, पण भरून काही येतच नव्हतं. आईला म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, लवकर झोपत जा."

"आणि मग उतरलं कशानं?"

"सगळं नाही उतरलं. पण ही पोरं फोन करायची. रविवारी तीन तास फोनवरच खेळायचो. त्या रात्री झोप लागायची."

आत कपबश्या वाजत होत्या. मी त्याला आणखी काही विचारले नाही.

रात्री बहिणीकडे गेलो. ती भाकरी थापीत होती. आकड्यांचे मी तिला काही सांगितले नाही, नखाचे सांगितले. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, ती तिने बाजूला काढून ठेवली आणि पुन्हा पीठ मळायला घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चार महिने?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली. पोरे पुन्हा जमली होती. तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा सतरंजीवर मधोमध ठेवला, फासे जरा बाजूला सारून स्वतःसाठी जागा केली आणि कोणाकडेही न बघता विचारले, "तुमचा तो राक्षस मेला का?"

"नाही आई, पळाला. एकच एचपी उरलाय."

माझी बायको कोकणातली. तिच्या माहेरी नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळीनंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. ते कारीट म्हणजेच नरकासुर. ती दारातूनच म्हणाली, "एकच ना? मग दिवाळीला या सगळे. मी माहेराहून कारिटं मागवते."

यावर भाच्याने सर्वांना समजावून सांगितले, की मामीचे म्हणणे नियमाला धरूनच आहे: 2008 च्या आवृत्तीत एका एचपीच्या किरकोळ राक्षसांचा एक वेगळा वर्गच होता, एका घावात जाणारा. बहिणीने ते शांतपणे ऐकून घेतले. मग वीस बाजूंचा फासा उचलून उजेडाकडे धरला आणि विचारले, "आणि हा कोणाच्या पाळीला टाकायचा?"