कतारगामची वही आणि आमचे कागद

सुरतेच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एकाचे नाव कतारगाम दरवाजा. तट गेला, परंतु नाव राहिले. त्या दरवाजाबाहेर, तापीच्या काठाने वसलेले कतारगाम हे एकेकाळी शेतांचे गाव होते. येथील पापडी उंधियूसाठी आजही नावाजलेली आहे, आणि हिवाळ्यात भाजीवाली ‘कतारगामनी पापडी’ अशी हाक देते तेव्हा गिऱ्हाईक थांबते. शेते मात्र आता शोधावी लागतात. त्यांच्या जागी हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या फिरतात, आणि त्या घंट्यांवर बसलेली बहुसंख्य मंडळी सौराष्ट्रातून आलेली आहेत.

आम्ही कतारगामला गेलो ते हिरे पाहण्यासाठी नव्हे, तर वही पाहण्यासाठी. एका पटेल कुटुंबाकडे त्यांचे वहीवंचा बारोट येणार आहेत असे कळले होते. बारोट म्हणजे यजमान कुळांच्या वंशावळी पिढ्यानुपिढ्या लिहून ठेवणारे आणि वाचून दाखविणारे लोक. १९५८ साली अ. म. शहा आणि र. गो. श्रॉफ या अभ्यासकांनी त्यांच्यावर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा वर्ग सुपरिचित आहे. आम्हांस तो प्रथमच प्रत्यक्ष दिसला.

लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही पाटावर ठेवली गेली. कुंकू वाहिले, घरच्या मंडळींनी नमस्कार केला, आणि बारोटांनी एका संथ लयीत वाचन सुरू केले. अमक्याचा पुत्र अमका, त्याची पत्नी अमक्या गावची, त्यांचे पुत्र इतके. आम्ही ऐकलेल्या पानांत सुनांची नावे व त्यांची माहेरे होती, मुलींची मात्र क्वचितच. वाचन संपल्यावर घरात नव्याने जन्मलेल्या नातवाचे नाव लिहिले गेले, आणि बारोटांना बिदागी मिळाली. गाव सोडून बहुमजली इमारतीत आलेले कुटुंब, परंतु त्याची वही त्याच्या मागोमाग आली होती.

परतताना आमच्या मनात एकच विचार होता: आपली वही कोठे आहे?

गुजरातेत पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या वंशावळी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आहेत. यात्रेला गेलेल्या पूर्वजाने आपल्या हाताने लिहिलेली ओळ पाहून गहिवरलेले वाचक आम्हांस ठाऊक आहेत. काही घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्यांचा माग बडोद्याच्या दप्तरात लागू शकतो, आणि पेशवाईशी संबंध असलेल्यांचा पुण्याच्या पेशवे दप्तरात. तथापि ही सारी साधने मुख्यत्वे इनामदार, कारकून आणि भिक्षुक यांच्या घरांना उपयोगी. ज्याने जमीन कसली, परंतु जिच्यावर त्याचे नाव नव्हते, त्याची वही कोण वाचणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक कुटुंब आम्हांस कतारगामातच भेटले. मूळ गाव नवापूर तालुक्यातले, जात कोकणा. आजोबा मजुरीसाठी सुरतेस आले ते परतले नाहीत. नातू शिकला, आणि त्याला अनुसूचित जमातीच्या दाखल्याची गरज पडली. त्याचा जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची. परंतु स्थलांतर केलेल्या माणसाचा या सवलतींवरील हक्क त्याच्या मूळ राज्याशी बांधलेला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ च्या निकालांत सांगितले आहे. कोकणा ही जमात गुजरातच्या यादीतही असली तरी त्यामुळे या नातवाचे काम येथे होत नाही. त्याला महाराष्ट्रातला, आणि तोही ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा हवा. त्याच तारखेला अनुसूचित जमातींची पहिली यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली.

मुलाचा बाप हताश झाला होता. “साहेब, आमचा म्हातारा शाळेत गेलाच नाही. कागद आणायचा कुठून?” असे तो म्हणाला. तेव्हा कोपऱ्यात पापडी सोलीत बसलेली आजी बोलली, “ते नाही गेले. पण माझा धाकटा दीर गेला होता. दोन वर्षं. मग गुरं राखायला काढला.”

त्या एका वाक्याने वाट सापडली. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाची जुनी शाळेची नोंद पुरावा म्हणून दाखविता येते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मगाव आणि प्रवेशाची तारीख असते. दोन वर्षांची शाळा नातवाच्या कामी आली ती अशी.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. कागद ज्या काळचा असेल, त्या काळच्या जिल्ह्याच्या ठाण्याला विचारावे. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी तो भाग धुळे जिल्ह्यात, आणि त्याही आधी, १९०६ पासून, पश्चिम खानदेशात होता. म्हणून जुन्या कागदांसाठी धुळ्याचीही चौकशी करणे योग्य. शाळेत नाव न मिळाल्यास गाव नमुना चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, पाहावी. जमीन असल्यास फेरफार आणि वारसांच्या नोंदी पाहाव्यात. १९६० पर्यंत दोन्ही प्रांत एकाच राज्यात होते, त्यामुळे सुरतेच्या तलाठ्याचा सातबारा आणि नवापूरच्या तलाठ्याचा सातबारा ही भावंडेच आहेत. जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचक शोधावा लागेल. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर महाराष्ट्रभर जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांचा शोध सर्वत्र सुरू झाला होता.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील पॉनी ही जमात मूळची नेब्रास्काची. १८७० नंतरच्या दशकात तिला आजच्या ओक्लाहोमाच्या प्रदेशात हलविण्यात आले. १८८५ ते १९४० या काळात तेथील सरकारने अशा जमातींची कुटुंबवार शिरगणती करून ठेवली. ज्या सरकारच्या अमलात ते लोक आपल्या भूमीला मुकले, त्याच सरकारच्या याद्यांतून त्यांची पणतवंडे आज पूर्वज शोधतात. आपल्याकडे डांग प्रदेशात पूर्वजांच्या स्मरणार्थ लाकडी खांब व दगड उभारतात. ज्यांचे नाव वहीत नव्हते, त्यांनी ते असे राखले. परंतु कचेरीत खांब चालत नाही.

नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. कतारगामचा तो मुलगा आपल्या बापासह तेथे दोनदा जाऊन आला. चुलत आजोबांच्या शाळेचा उतारा त्याच्या हाती आला आहे. त्यांच्याशी नाते दाखविणारी वंशावळ अजून प्रतिज्ञापत्रावर व्हायची आहे. ती सांगणारे माणूस घरात एकच, आणि तिचे वय ऐंशीच्या पुढे. आम्ही निघालो तेव्हा नातू वहीचे कोरे पान घेऊन तिच्यासमोर बसला होता. आजीने प्रथम सासऱ्यांचे नाव सांगितले, मग दिरांची, मग नणंदांची. नातवाने नणंदांची नावेही लिहून घेतली.