६४५ अर्थांचं क्रियापद

चि. सोनू,


तुझं पत्र आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण मिळालं. अनुवाद छान उतरतोय. त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याबद्दल. ‘एका इंग्रजी रनसाठी मला डझनभर मराठी शब्द शोधावे लागले, आपली भाषा तोकडी पडते,’ असं तू लिहिलंस, ते मला टोचलं. तोकडेपणाचं माप तू चुकीच्या ठिकाणी लावते आहेस.

‘रन’ने तुला दमवलं यात नवल नाही, कारण ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही त्याने दमवलं आहे. १९२८ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या महाकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ हातात घेतला आणि नऊ महिन्यांहून अधिक काळ तो त्या एकाच शब्दात गुंतला होता. शेवटी नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले आणि ‘सेट’ मागे पडला.

शाळेत आपण ‘रन म्हणजे धावणे’ असं घोकतो आणि नदी, नळ, नाक हे सगळे अर्थ पायांवरून ओढूनताणून आलेले समजतो. पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदात माणसाचं धावणं होतं तसंच पाण्याचं वाहणंही होतं. जर्मनमधलं त्याचं भावंड ‘रिनेन’ आजही वाहण्या-झिरपण्यालाच वापरतात. तेव्हा ‘नदी रन होते’ यात अलंकार काही नाही. मग ओला रंग पसरतो, मेण ओघळतं, नाक गळतं, हे सगळं त्या वाहण्यातून सहज समजतं.

पुढे यंत्रं आली आणि शब्दाचा पसारा फार वाढला. इंजिन, गिरणी, आगगाडी, छापखाना, शेवटी संगणकावरचा प्रोग्राम, सगळ्यांसाठी इंग्रजीने ‘रन’लाच जुंपलं. इथे मराठीची गंमत बघ. आपल्याकडे आगगाडी धावते, पण इंजिन डिझेलवर चालतं, पंप चालतो, दुकान चालतं, नाटक वर्षभर चालतं आणि संस्था कुणीतरी चालवतं. इंग्रज ज्याला धावायला लावतो, त्यातलं बरंचसं आपण चालवतो. त्यात कुठे काही कमी पडलं?

शब्दाकडे बघत बसलीस की अडशील. वाक्यात कोण ‘रन’ होतंय ते बघ. बँकेवर ‘रन’ आला तर ठेवी काढायला झुंबड उडते, मोज्याला आला तर वीण उसवते. अंगात ताप ‘रन’ होतो तेव्हा मराठीत तो नुसता असतो. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करतं तेव्हा ती छापतं. तुझ्या अकराव्या पानावर मात्र घोटाळा झालाय. नायकाचा भाऊ ‘महापौरपदासाठी धावला’ असं तू लिहिलंस. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो, आणि आपला कोल्हापुरात काय, नागपुरात काय, निवडणुकीला उभाच राहतो. तिथे ‘उभा राहिला’ कर. असली धाव हल्ली बातम्यांतही दिसते आणि दर वेळी माझा जीव कळवळतो, कारण चांगला रुळलेला शब्द घरात असताना आपण तो टाकून देतो.

आता उलट्या बाजूने विचार कर. तुझ्याच वयाची कुणी इंग्रज मुलगी मराठी कादंबरी अनुवादायला बसली आहे आणि तिच्यासमोर ‘लागणे’ आलं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवे लागतात. निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागतं. घाटात गाडी लागते, आणि गाडी फलाटावरही लागते! बोलणं मनाला लागतं, वडिलांचा भाऊ नात्याने काका लागतो, आंबा गोड लागतो. शिवाय ‘पाऊस पडू लागला’ आणि ‘मला जावं लागतं’ आहेच. तिला प्रत्येक ठिकाणी वेगळा इंग्रजी शब्द शोधावा लागेल, एखाद्या ठिकाणी सापडणारही नाही. म्हणून इंग्रजी तोकडी, असं तू म्हणशील का?

रोज हाताशी असलेल्या लहान शब्दांवर प्रत्येक भाषा असाच भार टाकते. कुठल्या शब्दावर किती, हे ज्या त्या भाषेच्या माणसांनी शतकानुशतकं बोलता बोलता ठरवलेलं असतं. तू शोधलेले ते डझनभर शब्द मराठीकडे होते म्हणून तुला सापडले, आणि त्यातले बहुतेक अगदी नेमके बसलेत. ‘विहीर आटली’ हे तर मला फार आवडलं.

एक जागा अजून सुटलेली नाही. म्हातारीच्या तोंडी ‘इट रन्स इन द फॅमिली’ आहे, तिथे तू ‘हे आमच्या कुटुंबात चालतं’ असं केलंयस. त्याचा अर्थ ‘आमच्याकडे हे खपवून घेतात’ असा होतो. ती हट्टीपणाबद्दल बोलते आहे ना? मग ‘आमचं घराणंच तसलं’ म्हणून बघ, नाहीतर ‘रक्तातच आहे आमच्या’. म्हातारी खेड्यातली असेल तर मला पहिलं बरं वाटतं. दुसरं प्रकरण पाठवशील तेव्हा त्यासोबत मूळ पानांच्या प्रतीही पाठव, म्हणजे शेजारी ठेवून वाचता येईल.

तुझी,
मावशी