इयत्ता तिसरी ‘ब’

कुणाला सांगू आणि कुणाला नको, असं झालंय! सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलं. स्टेशनपासून घरापर्यंतचा एकेक बार, एकेक वाइन शॉप, कुठल्या काउंटरवर क्वार्टर उधार मिळते इथपर्यंत सगळं तोंडपाठ. आणि त्याच रस्त्यावरच्या शाळेत संध्याकाळी सात वाजता दारू सोडलेल्या माणसांची मीटिंग भरते, याचा मला पत्ताच नाही! अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे काहीतरी इंग्रजी सिनेमातलं प्रकरण, एवढीच माझी समजूत.

हेल्पलाइनला फोन केला तोही बायको समोर ठाण मांडून बसली म्हणून. वाटलं, आता नाव, पत्ता, किती वर्षं, किती पेग अशी उलटतपासणी होणार. पलीकडचा गडी म्हणाला, ‘‘मी पण बेवडाच हो. आज मीटिंग आहे. शर्ट कुठल्या रंगाचा घालताय तेवढं सांगा, रिक्षा स्टँडजवळ उभा राहतो.’’ आणि खरंच उभा होता! मला न्यायला पोलीस सोडून दुसरं कुणी येईल, असं मला तरी वाटलं नव्हतं.

वर्ग तिसरी ‘ब’. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला लागतात. टेबलावर एक घंटी, एक जाडं निळं पुस्तक आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ‘फक्त आजचा दिवस’. रिक्षावाले होते, बँकेतून निवृत्त झालेले काका होते, कॉलेजातला वाटावा असा एक पोरगा होता, आणि एक ताईही होत्या. हजेरीपट नाही, फॉर्म नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट.

मी कीर्तन ऐकायच्या तयारीने बसलो होतो. काका उठले, नाव सांगितलं, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणाले आणि गोष्ट सुरू केली. क्वार्टर लपवली गव्हाच्या डब्यात. बायकोने तोच डबा उचलून गिरणीत दिला. गिरणीवाल्याने बाटली चारचौघांत वर काढून विचारलं, ‘‘हीपण दळायची का?’’ अख्खा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा! माझी जागा फ्लशची टाकी होती हो, त्यामुळे जरा जास्तच हसलो. मग त्याच आवाजात त्यांनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं. मुहूर्ताच्या वेळी हे कार्यालयामागच्या पार्किंगमध्ये झोपलेले, कन्यादान मामाने केलं. कुणी ‘अरेरे’ म्हणालं नाही. कुणी सल्ला दिला नाही. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, त्यावर शेरा मारायचा नाही, आपली पाळी आली की फक्त आपलं बोलायचं. ऐकलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही. म्हणून काकांना विचारूनच हे लिहितोय.

हे सगळं सुरू कसं झालं तेही भन्नाट आहे. 1935 साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी धंद्यात आपटला. हॉटेलच्या लॉबीत उभा, शेजारी बार, प्यायची तलफ आलेली. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतून नंबर फिरवत सुटला: मला दुसरा एखादा दारुडा भेटवा! भेटला तो डॉक्टर बॉब, सर्जन. पाव तास बसतो म्हणून आलेला हा डॉक्टर काही तास हलला नाही. आपल्याकडे हे 1957 मध्ये मुंबईत आलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे इथे चालू आहे आणि मी आपला फ्लशची टाकी उघडतोय!

मीटिंगमध्ये एक ताट फिरतं. मी खिशात हात घातला तर शेजाऱ्याने थांबवला: नवीन माणसाने टाकायचे नाहीत. बाहेरची देणगी तर घेतच नाहीत. पावतीपुस्तकाशिवाय ज्या राज्यात एक मंडळ उभं राहत नाही, तिथे हे! देवाचा उल्लेख मात्र बराच होतो. मला तो अजून पचत नाही, आणि तसं मी तिथे बोललोही. ‘‘तुला झेपेल तसा घे, नाहीतर मीटिंगलाच देव मान,’’ एवढंच उत्तर आलं. बघू.

फुशारकी मारून घरीच एकदम दारू तोडायला निघालो होतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून आधी डॉक्टरकडे पिटाळलं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर हात थरथरण्यावर भागत नाही, फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. काहींना दाखलच व्हावं लागतं. आमच्यातले एकजण पुण्याच्या मुक्तांगणमधून बरे होऊन आलेत. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये पु. लं.च्या देणगीतून उभं केलेलं हे केंद्र. तिथल्या गोष्टी ते असे सांगतात जसं कुणी माहेरचं बोलावं.

आता गुरुवारी खुली सभा आहे, घरच्यांनाही आणता येतं. बायको येते म्हणालीय. घरच्यांचा वेगळा गट असतो, अल-अनॉन, तोही तिला कळलाय. तिथे नवऱ्यांची कशी सालटी काढतात कोण जाणे! नव्या माणसाला काहीतरी काम देतात, मला चहाचं मिळालंय. दूध पाव लिटर जास्त घ्यायचं असं मी म्हणतोय, काका नको म्हणताहेत.